दोघांनी वळलेला दोर

स्कार्व्यात थोरा फूबिस्टरबद्दल लोकांचं एकमत होतं. "लग्न लावायला बोलवावी, पंगतीला बसवू नये," हे ते मत. पोस्टाची गाडी चालवणारा डेव्ही म्हणायचा, "सुंभ जळतो आणि पीळ राहतो म्हणतात. हिचा सुंभ अजून जळतोच आहे, आणि धूर आपल्या डोळ्यांत." चर्चमधल्या बायका अधिक सभ्य होत्या. त्या म्हणत, "तिनं सोसलंय हो फार." काय सोसलंय, असं कुणी विचारलं की त्या चहा ओतायला उठत.

हे उठणं आमच्या बेटाच्या हाडात आहे. स्कॉटलंडच्या वरच्या ऑर्कनी बेटांतल्या या उत्तरेकडच्या तुकड्यावर दोनशे माणसांना जन्मभर एकमेकांची तोंडं पाहायची असतात. अशी माणसं बोलणं कमी करत जातात आणि त्या न बोलण्याला सभ्यता म्हणतात. थोरा त्या सभ्यतेशी वैर धरून जगली. तिच्याविषयी सांगण्यासारखं मुख्यतः हेच आहे.

पोटासाठी ती खुर्च्यांच्या पाठी विणायची. आमच्याकडच्या खुर्चीची बैठक लाकडाची आणि पाठ पेंढ्याची असते. चुलीकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीला दाराचा वारा लागू नये इतकी उंच आणि दोन्ही बाजूंनी आत वळलेली. त्यासाठी काळ्या ओट या धान्याचा पेंढा लागतो. यंत्राने कापला की तो पिचतो, म्हणून तो विळ्यानेच कापावा लागतो. बेटावर काळा ओट पेरणारी थोरा एकटीच उरली होती. तिचे हात पुरुषासारखे रुंद होते आणि अंगठ्याची कातडी सुईने इतकी टणक झाली होती की चुलीवरची किटली ती फडक्याशिवाय उचलायची. बाहेरून खुर्च्या न्यायला आलेली माणसं तिला "किती गोड बाई" म्हणत. तिने त्यांना कधी आत बोलावून चहा दिल्याचं कुणाच्या आठवणीत नाही.

पण बेटाला तिची गरज पडायची ती लग्नात. स्कार्व्यात लग्न म्हणजे हात बांधणं. नोंदणीचा कागद असतो, पण तो नंतर. आधी वर आणि वधू उजवे हात एकमेकांत देतात, त्यांवर पेंढ्याच्या दोराचे वेढे पडतात, मग दोघं आपापल्या बाजूचं टोक धरून हात सोडवून घेतात आणि दोरात गाठ राहते. ती गाठ सोडायची नाही. ती दाराच्या चौकटीवर टांगायची. पुढे उंदीर, ओल आणि मुलंबाळं तिचं काय करायचं ते करतात.

हा दोर विकत आणायचा नसतो. तो त्या दोघांनीच वळायचा. एकाने पेंढा भरत जायचं आणि दुसऱ्याने लोखंडी आकडा फिरवत उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. मागे जाणाऱ्याला आपण कुठे चाललो ते दिसत नाही; खड्डा आला, कुंपण आलं, शेण आलं, हे भरणाऱ्याने ओरडून सांगायचं. त्यात भांडण होतंच, आणि ते तिथेच होऊन जावं अशी जुन्या माणसांची योजना असावी. लग्नाच्या दिवशी हात बांधणारी व्यक्ती दोर सगळ्यांसमोर वर धरते आणि एकच प्रश्न विचारते: "हा दोर कुणी वळला?" दोघांनी एकदम उत्तर द्यायचं: "आम्ही."

या एका प्रश्नापायी थोरा कुणाचीही गय करत नसे. एकदा ग्लासगोचं एक जोडपं सात रंगांच्या रेशमी फिती घेऊन तिच्याकडे आलं.

"प्रत्येक रंगाला अर्थ आहे," मुलगी म्हणाली. "निळा म्हणजे निष्ठा."

"असेल. यातली एक तरी तुम्ही विणलीत?"

"नाही, मागवल्या."

"मग ज्याने विणल्या त्याच्याशी लग्न लाव," असं म्हणून थोराने सुईत दोरा ओवायला घेतला.

हा राग आला कुठून, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी सांगत नव्हतं.

थोराचं स्वतःचं लग्न विशीत झालं, मॅन्सी लीस्कशी. तो समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामावर बोटीने जाऊन-येऊन असायचा. दिसायला देखणा, नाचायला हलका. दोर वळायचा ठरला त्या दिवशी तो आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. बोटीला उशीर झाला म्हणाला. थोराने आकडा कोठाराच्या कडीला अडकवला. थोडा पेंढा भरायचा, धावत जाऊन आकडा फिरवायचा, पुन्हा मागे यायचं, असं करत तिने तो दोर एकटीने वळला. लग्नात प्रश्न आला तेव्हा ती मोठ्या आवाजात "आम्ही" म्हणाली, आणि मॅन्सीही म्हणाला. वर्ष पुरं व्हायच्या आत तो ॲबर्डीनला गेला आणि परतला नाही.

इथवर गोष्ट कुठल्याही गावातली. पुढची आमची.

अकरा वर्षांनी, कुणाच्या तरी दफनानंतरच्या चहाला, थोराची थोरली बहीण मेरन बोलता बोलता म्हणून गेली, "त्याची ती ॲबर्डीनची बाई आणि मुलगी... आम्हाला वाटलं, लग्नानंतर सुधारेल."

थोराने हातातली बशी खाली ठेवली. "आम्हाला म्हणजे कुणाला?"

 मेरनची नजर खोलीभर फिरली, या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, आणि थोराला उत्तर मिळालं. लग्नाच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. करवली म्हणून शेजारी उभ्या राहिलेल्या सख्ख्या बहिणीला माहीत होतं. हात बांधणाऱ्या म्हाताऱ्याला माहीत होतं, आणि तरी त्याने दोर वर धरून तो प्रश्न विचारला होता. खोलीतली माणसं चहा ओतायला उठली.

त्याच हिवाळ्यात तो म्हातारा वारला. थोराने त्याचं काम मागून घेतलं. तिला कुणीही "नको" म्हणालं नाही, कारण नको म्हणायलाही बोलावं लागतं.

मेरनला उशिरा एक मुलगी झाली, बेथिया. थोराला मूल नव्हतं. बेथियाची शाळेनंतरची बहुतेक दुपार थोराच्या छपराखाली जायची, पेंढ्याच्या जुड्या लावण्यात आणि मावशीशी वाद घालण्यात. थोरा साऱ्या बेटावर ओरडायची; तिच्यावर परत ओरडणारी ही एकच. "मावशी, तुझा आवाज ऐकून मेंढ्या कोरड्या पडतील," असं ती म्हणायची, आणि थोराच्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्याला आम्ही हसू समजायचो, कारण तुलनेला दुसरं काही नव्हतं. बेथिया पुढे शिक्षिका होऊन बेटावरच्याच शाळेत आली. थोराने या जगात कुणाला स्वतःहून दार उघडलं असेल तर ते तिला.

बेथियाचं एरलंड ड्रेवरशी ठरलं. एरलंड समुद्रात पाळलेल्या सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर बोट चालवायचा. वाईट मुलगा नव्हे. त्याची आई विल्मा बेटावरचं एकुलतं दुकान चालवायची, आणि लहानपणापासून त्याचं राहिलेलं काम कुणीतरी बाई पुरं करत आली होती, हा एवढाच त्याचा दोष. आमच्याकडे त्याला दोष म्हणत नाहीत.

वसंतात दोघं थोराच्या स्वयंपाकघरात बसून सगळं ठरवत होती. लग्न सप्टेंबरात, किनाऱ्यालगतच्या शेतात. नोंदणीच्या बाई मोठ्या बेटावरच्या कर्कवॉलहून फेरीबोटीने येतील. थोराने वारा कुठून असेल, लोकांनी कुठे पाठ करून बसायचं, हेही सांगितलं. नंतर ती एरलंडकडे वळली.

"दोर कधी वळताय?"

"वळू की, मावशी. अवकाश आहे अजून."

"पेंढा मी ऑगस्टअखेर कापीन. तुला आकडा धरता येतो?"

"त्यात काय यायचंय? फिरवायचा आणि मागे जायचं."

"हो. आणि ही सांगेल तसं ऐकायचं. ते येतं?"

बेथिया हसली. "शिकवते मी त्याला, मावशी. पहिलीच्या पोरांना शिकवतेच ना."

एरलंडही हसला. थोरा हसली नाही. तिने त्याच्यासमोर जवाच्या भाकरीची दुसरी चकती आणि चीज सरकवलं. तिच्यापुरती ती पसंतीच होती.

ऑगस्टच्या शेवटी पेंढा कापून झाला. एका शनिवारी थोराने तो भिजवून ठेवला. एरलंडच्या बोटीचं काम निघालं. पुढच्या खेपेला शेजारच्या बेटाशी फुटबॉलचा सामना निघाला. तिसऱ्या खेपेला मित्रांनी एरलंडला काळं केलं. लग्नाआधी नवऱ्याला धरून अंगभर काकवी, पीठ आणि कोंबडीची पिसं फासायची, लॉरीवर बांधायचं आणि डबे बडवत बेटभर फिरवायचं, ही रीत आमच्याकडे कुणी चुकवत नाही. लॉरी थोराच्या दारावरून गेली तेव्हा ती फाटकात उभी होती.

"मावशी, नवरदेवाला आशीर्वाद द्या!" वरून कुणीतरी ओरडलं.

"उतरवा त्याला! पेंढा भिजवून ठेवलाय!"

"उद्या, मावशी! आज चिकटेल सगळीकडे!"

"काकवी फासून घ्यायला बरा वेळ आहे गाढवाला!" थोरा ओरडली, आणि लॉरीवर हशा पिकला. त्या हशात एरलंडचाही आवाज होता. पिसांतून त्याचे दात तेवढे पांढरे दिसले.

दुसऱ्या दिवशी तो झोपून राहिला.

लग्न तोंडावर आलं तेव्हा मेरन थोराकडे आली. घरी लग्न म्हणून तिने गोठ्याचं फाटक हिरव्या रंगाने रंगवून घेतलं होतं आणि तिच्या बाहीवरही तो हिरवा शिंतोडा होता.

"दोर झाला," ती म्हणाली.

"दोघांनी वळला?"

"झाला म्हटलं ना."

"मी काय विचारलं, मेरन?"

"थोरा, पोरीचं लग्न आहे. खुर्च्या कमी पडतायत, तेवढ्या दे." आणि मेरन निघून गेली.

लग्नाच्या दिवशी ऊन होतं आणि नेहमीचा वारा होता. बायकांनी टोप्या हाताने धरल्या होत्या. नोंदणीच्या बाईंनी कागद काखेत घट्ट दाबले होते. पलीकडच्या मांडवात कॉग तापत होता: लाकडी पट्ट्यांचं, दोन कानांचं ते भांडं, त्यात गरम बिअर, व्हिस्की, साखर आणि मिरपूड; लग्न लागलं की नवरी पहिला घोट घेते आणि मग ते हातोहात सगळ्या मांडवात फिरतं. बेथियाने आजीचा लेसचा पोशाख घातला होता. एरलंडच्या कानामागे काकवीचा एक काळसर डाग अजून राहिला होता, ते पाहून मागच्या रांगेत खसखस झाली.

दोर एका पाटीवर आणला गेला. त्याच्या एका टोकाला वीतभर हिरवा रंग लागला होता.

पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना तो दिसला. मी दुसऱ्या रांगेत होतो, मलाही दिसला. ते हिरवं कुठल्या फाटकाचं हे स्कार्व्यात लहान पोरानेही सांगितलं असतं, आणि नवा दोर फाटकाला का घासतो हेही. विल्माने टोपी नीट केली. मेरन समुद्राकडे पाहू लागली. बेथियाने पुढे होऊन रंगाच्या जागी अलगद अंगठा ठेवला, जणू दोर कुरवाळत होती. साऱ्या रांगेला एकदम वाऱ्याविषयी, ढगांविषयी, कशाहीविषयी बोलावंसं वाटू लागलं. आम्ही पुन्हा चहा ओतायला उठलो होतो. हातात किटली नव्हती, इतकंच.

थोराने बेथियाच्या अंगठ्याखालून दोर काढून घेतला आणि वर धरला.

"हा दोर कुणी वळला?"

"आम्ही," बेथिया म्हणाली. एरलंडचं "आम्ही" किंचित मागून आलं.

थोराने दोर खाली आणला नाही. "पुन्हा सांगा."

"आम्ही, मावशी."

"मेरनच्या फाटकाने वळलाय हा," थोरा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळे तो सगळ्या शेतात पोचला. "रंग अजून ओला असताना."

मागे कुणीतरी हसलं आणि हसू अर्ध्यात गिळलं. विल्मा उठून उभी राहिली.

"अगं थोरा, आज नको. आजचा दिवस तरी नको."

"मग कुठला दिवस काढू, विल्मा? मला अकरा वर्षांनी सांगितलंत. हिच्यासाठी किती ठरवलीयत?"

"एवढं काय झालंय त्यात?" एरलंड म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पेंढाच तर आहे. माणसाला कामं असतात."

"पेंढाच आहे. तेवढाही तुझ्याच्याने झाला नाही."

"मावशी!" बेथियाने तिचं मनगट धरलं. "बांध. मी सांगतेय ना. बांध तू."

थोरा तिच्याकडे वळली, आणि त्या वेळी तिच्या तोंडावर राग नव्हता, भीती होती. एवढ्या जवळून पाहणाऱ्या आम्हा सगळ्यांना कळत होतं की ही बाई इथे काय डावाला लावते आहे. बेथिया गेली तर तिच्या दारात येणारं कुणी उरत नव्हतं.

"बांधते," ती म्हणाली. "मी लग्न अडवत नाही. तू 'मी एकटीने वळला' एवढं म्हण, यांच्यासमोर. आणि त्यावर 'तरी बांध' म्हण. त्याच क्षणी बांधते. पण 'आम्ही' म्हणू नकोस. मी म्हटलं होतं."

बेथियाने एरलंडकडे पाहिलं. एरलंड आईकडे पाहत होता.

त्याचं ते पाहणं फार तर दोन श्वासांचं असेल. बेथियाने मनगट सोडलं.

"मी एकटीने वळला," ती म्हणाली. मग तिचा आवाज वर्गात फळ्यासमोर असतो तसा झाला. "तीनदा वाट पाहिली. शेवटी आईच्या फाटकाला आकडा अडकवला. आई आतून पाहत होती. नंतर 'छान झालाय' म्हणाली."

मेरन समुद्राकडेच पाहत राहिली.

"आणि?" थोराने विचारलं. दोर अजून तिच्या हातात वर होता.

बेथियाने "तरी बांध" म्हटलं नाही. तिने दोर थोराच्या हातातून ओढून घेतला. आम्हाला वाटलं होतं तसा तिचा संताप एरलंडवर निघाला नाही.

"झालं समाधान? तू माझं लग्न नाही लावायला आलीस, मावशी. तू तुझं लग्न मोडायला आली होतीस. चाळीस वर्षं झाली, मोडलंस एकदाचं. आता मला परत तोंड दाखवू नकोस."

आणि ती दोर मुठीत धरून रस्त्याकडे निघून गेली. लेस वाऱ्याने पायांत येत होती. तिने ती दुसऱ्या हाताने गोळा करून घेतली आणि वेग वाढवला. एरलंड काही पावलं तिच्यामागे गेला आणि थांबला. नोंदणीच्या बाईंनी कागद पिशवीत घातले.

कॉग तापलेला होता. तो टाकून देण्याइतके आम्ही उधळे नाही. भांडं हातोहात फिरलं. पुरुषांनी एकमेकांकडे न पाहता घोट घेतले. थोरा खुर्च्या गोळा करत होती. भांडं तिच्या जवळ आलं तेव्हा ज्याच्या हातात ते होतं त्याने तिच्या पुढून हात लांबवून ते पलीकडच्याला दिलं. ती तिच्याच विणलेल्या दोन खुर्च्या काखेत मारून घरी गेली.

तो हिवाळा कडक गेला. विल्मा दुकानात थोराला हवं ते सामान द्यायची, पण "वारा आहे आज" एवढंही म्हणायची नाही, आणि आमच्याकडे वाऱ्याविषयी न बोलणं म्हणजे तोंडावर दार लावणं. ख्रिसमसनंतर एका घरी लग्न निघालं. त्यांनी कर्कवॉलहून हात बांधणारं माणूस आणलं. त्याने रेशमी फिती आणल्या होत्या. डेव्ही थोराचं टपाल फाटकाच्या दगडाखाली ठेवून जायचा. बेथिया शाळेत जाताना मुद्दाम खालच्या वाटेने जायची. मी तेव्हा एडिनबरात नोकरीला होतो; त्या वर्षात दोनदा घरी आलो, आणि दोन्ही वेळा मला कुणी ना कुणी सांगितलं, "बरोबर होती हो ती. पण बोलायची काही पद्धत असते." पद्धत कोणती, हे त्यांनाही सांगता येईना. चाळीस वर्षांपूर्वी वापरली ती, एवढीच त्यांना माहीत होती.

एरलंडने पहिले काही महिने सगळ्यांना सांगितलं की त्या बाईने त्याचं लग्न मोडलं. मग हळूहळू ते सांगणं त्याने कमी केलं. बहुधा ऐकणारे माना हलवत होते म्हणून. आमच्याकडे नुसत्या माना हलू लागल्या की त्याचा अर्थ काय हे बेटावरच्या माणसाला कळतं.

पुढच्या वर्षी ओट कापून झाल्यावर तो थोराच्या छपरापाशी आला. मी खुर्ची न्यायला गेलो होतो, म्हणून ते बोलणं कानावर पडलं.

"पेंढा पाहिजे होता, मावशी."

"कशाला?"

"दोराला."

"वळणार कोण?"

"मी आकडा घेणार. बेथिया भरणार." तो बुटाने जमीन उकरत होता. "ती म्हणते, उलटं चालताना मी एकदा जरी मागे वळून पाहिलं तर लग्न नाही. तिचं ऐकायचं, बस."

थोराने दोन जुड्या उचलून त्याच्या हातांवर टाकल्या. "कोमट पाण्यात भिजव. फार वेळ ठेवू नकोस, कुजतो."

"हो." तो जाईना. "मावशी, ती तुम्हाला बोलवणार नाही. मी म्हणून पाहिलं."

"मी विचारलं का तुला?"

तो दोर त्यांनी चारचौघांत, बंदराच्या वरच्या रस्त्यावर वळला. लोक कामं टाकून कुंपणांशी आले. बेथियाचा आवाज खालच्या बोटींपर्यंत ऐकू येत होता: "डावीकडे! तुझं डावं, एरलंड, माझं नाही! थांब, गाडी आहे! आता ये मागे, ये, ये... शेणात पाय!" तो शेणात गेला. त्याने वळून पाहिलं नाही. विल्मा दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. तिला मुलाचे बूट पुसावेसे वाटत असणार, पण ती जागची हलली नाही.

लग्न ऑक्टोबरात लागलं, त्याच शेतात. हात बांधायला मेरन उभी राहिली, कारण फितीवाल्या माणसाला बेथियाने नकार दिला आणि बेटावर दुसरं कुणी पुढे येईना. "हा दोर कुणी वळला?" हे मेरनला विचारावं लागलं, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने. पहिल्यांदा ते मागच्या रांगांपर्यंत पोचलं नाही, आणि तिला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. उत्तर दोन्ही वेळा एकदम आलं. थोराच्या घराचं दार त्या शेतातून दिसतं. ते लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या खुर्चीचा तिथेच राहिलेला लाकडी हात घ्यायला थोराकडे गेलो. ती सुई घेऊन बसली होती. थोड्याच वेळात मेरन आली, हातात कागदात बांधलेला लग्नाचा केक. तो तिने टेबलावर ठेवला, पण बसली नाही. बहिणीच्या घरात ती बरीच वर्षं बसलेली नव्हती.

"झालं लग्न," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते आणि तिला राग आला होता. तो राग कुणावर काढावा हे तिला समजत नव्हतं, म्हणून तो तिने नेहमीच्या ठिकाणी आणला होता. "तोच मुलगा. तेच शेत. तीच माणसं. वर्ष वाया गेलं, माझी शोभा झाली, आणि पोरगी तुझं नाव काढत नाही. एवढं करून तुला मिळालं काय गं, थोरा?"

थोराने सुई पेंढ्यातून आरपार काढली, दोरा ताणून घट्ट केला आणि मान वर न करता म्हणाली:

"दोर दोघांनी वळला ना? मग मिळालं. आता तू तेव्हा गप्प बसली होतीस तशी बस, आणि जाताना दार लाव."